ऊर्जा संक्रमणाच्या सिनॅरिओत समाज आणि राजकारण कसं आणायचं?

प्रश्न विचारणाऱ्यांनी प्रबंधासाठी 2050 पर्यंतच्या वीजव्यवस्थेचं मॉडेल बांधलं आहे. कमीत कमी खर्चाचा मार्ग ते काढून देतं. त्या मार्गात कोळसा वेगाने बंद होतो, सौर आणि पवन वाढतात, वीज दूरवर नेणाऱ्या पारेषण वाहिन्या दुप्पट होतात. परीक्षकांनी एकच शेरा मारला: "यात माणसं कुठे आहेत?" आता त्यांना जाणून घ्यायचंय की समाज आणि राजकारण आकड्यांत कसं उतरवायचं, सिनॅरिओ, म्हणजे भविष्याची संभाव्य चित्रं, किती करायचे, आणि आपली स्वतःची मतं त्यात घुसू नयेत म्हणून काय काळजी घ्यायची.

मी हे काम बरीच वर्षं करते आहे, कधी मॉडेल चालवणाऱ्यांच्या बाजूने, तर कधी सिनॅरिओची गोष्ट लिहिणाऱ्यांच्या बाजूने. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मॉडेलमध्ये राजकारण नाही, असं तुम्ही आणि परीक्षक दोघंही धरून चालला आहात. ते आधीपासूनच आहे, फक्त दिसत नाही. सगळ्या प्रकल्पांना एकच स्वस्त व्याजदर लावलात, तेव्हा पंचवीस वर्षांत एकही सरकार दिलेला शब्द मोडणार नाही हे तुम्ही मान्य केलंत. वाहिनी चार वर्षांत पूर्ण होते असं लिहिलंत, तेव्हा वाटेतलं एकही गाव आडवं येत नाही आणि कुणी कोर्टात जात नाही, हेही मान्य केलंत. कोळशावरचं केंद्र खर्चाच्या हिशेबाने 2032 मध्ये बंद केलंत, तेव्हा तिथले कामगार, त्यांची संघटना आणि त्या भागाचे लोकप्रतिनिधी गप्प बसले असं धरलंत. ही सगळी राजकीय विधानंच आहेत. तेव्हा खरा प्रश्न दोन तुकड्यांचा आहे. ही लपलेली विधानं उघड्यावर कशी आणायची? आणि ती तीस वर्षं तशीच टिकतील असं का मानायचं? बहुतेक अभ्यास पहिल्या तुकड्यावर थांबतात. खरं काम दुसऱ्यात आहे, त्याकडे थोड्या वेळाने येते.

किती खोलात जायचं, हे मॉडेल कोण वापरणार यावर ठरतं. पाच-सात वर्षांतल्या खरेदीचा निर्णय घ्यायचा असेल, तर समाजाचे सिनॅरिओ लिहीत बसू नका. संभाव्य अडथळे आणि त्यांची किंमत मांडली की पुरे. तीस वर्षांचा राष्ट्रीय आराखडा असेल तर मात्र हे टाळता येत नाही. काम सरकारी खात्यासाठी असेल, तर आणखी एक अडचण असते. 'आमचं धोरण फसलं' असा सिनॅरिओ स्वतःच्या शिक्क्यानिशी छापायला कुठलंही खातं कचरतं. अशा वेळी तो भाग बाहेरच्या संस्थेकडे द्यावा लागतो. तुमचा प्रबंध आहे, म्हणजे ही अडचण नाही आणि पद्धत उघड मांडायला भरपूर जागा आहे. शिवाय देशाची रचनाही पाहावी लागते. निर्णय अडवू शकणाऱ्या जागा कुठे किती आहेत, राज्यं, न्यायालयं, स्थानिक संस्था यांच्या हातात काय आहे, यावर एकच धोरण एका देशात दोन वर्षांत लागू होतं आणि दुसऱ्यात वीस वर्षं रखडतं.

आता पहिला तुकडा. मॉडेलमधल्या कोणत्या आकड्यांत राजकारण बसलेलं आहे, ते आधी शोधा. माझ्या अनुभवात ते मुख्यतः चार ठिकाणी सापडतं: भांडवलाचा खर्च, जागेची उपलब्धता, बांधकामाला लागणारा काळ, आणि जुन्या केंद्रांचं बंद होण्याचं वर्ष. यातली दोन जवळून दाखवते.

जागेचं उदाहरण पोलंडचं घ्या. 2016 मध्ये तिथे कायदा झाला की पवनचक्की घरापासून तिच्या एकूण उंचीच्या किमान दहापट लांब हवी. पात्यांसकट 200 मीटर उंचीची पवनचक्की धरली, तर अंतर होतं 2 किलोमीटर, म्हणजे प्रत्येक घराभोवती साधारण 12.6 चौरस किलोमीटरचं वर्तुळ बाद. वस्ती विखुरलेली असली की ही वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि नकाशावर जागाच उरत नाही. 2023 मध्ये ही मर्यादा 700 मीटरवर आणली गेली. आता वर्तुळ 1.5 चौरस किलोमीटरचं, आधीच्या जेमतेम एक अष्टमांश. वारा तोच, यंत्रं तीच, किमतीही जवळपास त्याच. कायद्यातल्या एका ओळीने देशाची पवनक्षमता आधी खाली आणली आणि मग वर नेली. तुमच्या मॉडेलमध्ये 'कमाल पवनक्षमता' हा रकाना असेल. त्यातला आकडा कुणी, कुठल्या अंतराच्या नियमावर काढला आहे, ते तपासा. बहुतेक वेळा तो वाऱ्याच्या नकाशावरून आलेला असतो आणि नियमाचा त्यात पत्ताच नसतो.

भांडवलाच्या खर्चाचं गणित तर कागदावर करता येतं. सौर आणि पवन प्रकल्पांत जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीला लागतो, म्हणून व्याजदर हाच त्यांचा खरा इंधनखर्च समजा. 100 गुंतवले आणि ते 25 वर्षांत 4 टक्क्यांनी फेडायचे, तर दरवर्षी साधारण 6.4 लागतात. दर 10 टक्के झाला की 11. पॅनेल तेच, ऊन तेच, पण वीज सुमारे 70 टक्क्यांनी महाग. आणि हा दर 4 आहे की 10, हे बऱ्याच अंशी या प्रश्नांवर ठरतं: सरकार करार पाळतं का? वीज घेणारी कंपनी वेळेवर पैसे देते का? पुढच्या निवडणुकीनंतर नियम बदलतील का? म्हणून 'संस्थांवरचा विश्वास' यासारखी ढोबळ वाटणारी गोष्ट मॉडेलमध्ये नेण्याचा सगळ्यात सरळ रस्ता व्याजदरातून जातो. तिच्यासाठी वेगळा निर्देशांक बनवायची गरज नाही.

बांधकामाच्या काळाबद्दल थोडंच लिहिते. जर्मनीतली 'झुडलिंक' ही सुमारे 700 किलोमीटरची वाहिनी उत्तरेची पवनऊर्जा दक्षिणेकडच्या उद्योगांपर्यंत नेण्यासाठी आखली गेली. ती 2022 मध्ये पूर्ण व्हायची होती. वाटेतल्या भागांतून, विशेषतः बव्हेरियातून, उंच मनोऱ्यांना कडाडून विरोध झाला. 2015 मध्ये जमिनीखालच्या केबलला प्राधान्य देण्याचा निर्णय झाला, मार्ग नव्याने आखावा लागला, आणि आता 2028 चं साल सांगितलं जातं. मॉडेलमध्ये हा फक्त सहा वर्षांचा फरक आहे. पण ती सहा वर्षं उत्तरेत पवनचक्क्या थांबवून ठेवाव्या लागतात, दक्षिणेत दुसरी केंद्रं चालवावी लागतात, आणि तो खर्च ग्राहकांच्या बिलात जातो.

ही शेवटची गोष्ट मला दुसऱ्या तुकड्याकडे नेते. विरोधामुळे उशीर झाला, उशिरामुळे बिल वाढलं, आणि बिल वाढलं की नव्या विरोधाला कारण मिळालं. राजकारण हे संक्रमणाला बाहेरून एकदा लागू होणारं वजन नव्हे. संक्रमण पुढे सरकतं तसं ते स्वतःच नवं राजकारण तयार करतं, आणि ते राजकारण पुढच्या टप्प्याचा वेग ठरवतं. प्रचलित सिनॅरिओंमध्ये हीच बाजू सगळ्यात कच्ची असते. 'सहकार्याचं जग', 'स्पर्धेचं जग' असे रंग एकदा दिले जातात आणि ते तीस वर्षं तसेच राहतात. हवामान अभ्यासांत वापरल्या जाणाऱ्या पाच सामायिक सामाजिक-आर्थिक मार्गांबद्दलही माझी हीच तक्रार आहे. शाश्वततेचा, मधला, प्रादेशिक वैराचा, विषमतेचा आणि जीवाश्म इंधनांवरच्या विकासाचा, असे ते पाच आहेत. लोकसंख्या, शिक्षण, शहरीकरण आणि आर्थिक वाढीसाठी ते उत्तम आहेत, तुम्हीही खुशाल वापरा. मात्र देशाच्या वीजव्यवस्थेचं राजकारण त्यातून आयतं मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

एकाच देशातली दोन उदाहरणं शेजारी ठेवते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते स्पष्ट होईल. डिसेंबर 2010 मध्ये इराणने पेट्रोल, डिझेल, गॅस, वीज यांच्या किमती एकदम कित्येक पटींनी वाढवल्या. मोठा उद्रेक झाला नाही. सरकारने त्याआधी घरोघरी बँक खाती उघडून घेतली होती आणि भरपाईची रक्कम त्यांत आधीच जमा केली होती. दरवाढीच्या दिवसापर्यंत ती फक्त काढता येत नव्हती. लोकांना खात्यात पैसे दिसत होते. नोव्हेंबर 2019 मध्ये त्याच देशात मध्यरात्री अचानक पेट्रोलचे दर वाढवले गेले: ठरलेल्या कोट्यापर्यंत 50 टक्के, त्यापुढे तिप्पट. देशभर निदर्शनं पेटली आणि ती दडपताना अनेक माणसं मारली गेली. मधल्या नऊ वर्षांत महागाईने त्या भरपाईची किंमत खाऊन टाकली होती, निर्बंधांनी अर्थव्यवस्था खिळखिळी झाली होती, आणि या वेळी लोकांना आधी काहीच सांगितलं गेलं नव्हतं. 'अनुदान काढलं तर लोक काय करतील' याला एकच उत्तर नाही, हे यातून दिसतं. क्रम काय होता, आधी काय दिलं, विश्वास किती उरला होता, यावर उत्तर फिरतं.

फ्रान्समध्ये 2018 च्या नोव्हेंबरमध्ये इंधनावरच्या करवाढीविरुद्ध पिवळ्या जॅकेटांचं आंदोलन उभं राहिलं. तेव्हा कार्बन कर, म्हणजे कार्बन उत्सर्जनावरचा कर, टनाला 44.6 युरो होता आणि जानेवारीत 55 व्हायचा होता. ती वाढ रद्द झाली आणि कर तिथेच गोठला. कराचा आकडा पाहून याचं कारण उमगत नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढला गेला होता, आणि ज्यांना रोज लांबवर गाडी चालवण्यावाचून पर्याय नाही त्यांच्याकडून डिझेलवर जास्त वसुली होत होती. लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या. तुमच्या सिनॅरिओत कार्बन कर असेल, तर त्याच वर्षी सरकार दुसऱ्या कुणाला काय देतंय, हेही लिहावं लागेल.

यशातूनही अडथळे उभे राहतात. स्पेनने 2010 साठी जेमतेम 400 मेगावॅट सौरऊर्जेचं उद्दिष्ट ठेवलं होतं. सौर विजेसाठी सरकारने कबूल केलेले दर इतके आकर्षक होते की 2008 या एकाच वर्षात अडीच हजार मेगावॅटहून जास्त उभी राहिली. पुढची वीस-पंचवीस वर्षं देणं कबूल केलेल्या रकमेचा बोजा फुगला, त्यात आर्थिक मंदी आली, आणि सरकारने आधी दिलेल्या आश्वासनांनाही कात्री लावली. 2012 मध्ये नव्या प्रकल्पांचं अनुदान थांबलं, गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. पाकिस्तानात उलट चित्र दिसलं. विजेचे दर चढले, पॅनेल स्वस्त झाली, आणि 2024 मध्ये सुमारे 17 गिगावॅट पॅनेल आयात झाली. हे लोकांनी आपापल्या हिशेबाने केलं, कुठल्याही राष्ट्रीय आराखड्यात नव्हतं. आता अडचण अशी की ज्यांना परवडलं ते सार्वजनिक वीजजाळ्याकडून कमी वीज घेऊ लागले, पण जुन्या केंद्रांना वीज घेतली नाही तरी द्यायचे ठरलेले स्थिर आकार तसेच राहिले आणि उरलेल्या, बहुधा गरीब, ग्राहकांवर त्यांचा भार वाढतो. मॉडेलमध्ये छतावरची सौरऊर्जा म्हणजे फक्त 'मागणीत घट' असेल, तर हा सगळा संघर्ष नजरेआड होतो.

कोळसा बंद करण्याच्या बाबतीत काळाचा पल्ला आणखी लांब धरावा लागतो. ब्रिटनमध्ये 2012 साली सुमारे 40 टक्के वीज कोळशावर होती आणि 30 सप्टेंबर 2024 ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं केंद्र बंद झालं. बारा वर्षांत एवढी मजल, आणि तीही फारशा संघर्षाशिवाय. हे वाचून अनेक जण आपल्या सिनॅरिओत तोच वेग उचलतात. पण तो संघर्ष 1984-85 च्या खाणकामगार संपात होऊन गेला होता. खाणींची गावं तेव्हा मोडली, आणि त्यांची किंमत आजही तिथली माणसं मोजताहेत. 2012 मध्ये अडवायला संघटित असं फारसं कुणी उरलंच नव्हतं. ज्या देशात आज लाखो लोक खाणींवर जगतात, तिथे हा वेग लावणं म्हणजे गोष्टीचा पहिला अर्धा भाग फाडून टाकणं. नेदरलँड्सने दुसरा मार्ग घेतला. 1965 च्या डिसेंबरमध्ये मंत्री योप देन ऑयल यांनी हेर्लेन या खाणींच्या शहरात जाऊन सगळ्या खाणी बंद होणार असं जाहीर केलं आणि 1974 पर्यंत शेवटची खाण बंद झाली. ग्रोनिंगनमध्ये 1959 ला सापडलेल्या प्रचंड गॅससाठ्यामुळे पर्याय हाताशी होता, सरकारी खाण कंपनी रसायन उद्योगात वळली, आणि राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा भाग आणि मोठा निवृत्तिवेतन निधी हेर्लेनला आणले गेले. तरीही त्या भागाला सावरायला फार काळ लागला. जर्मनीच्या कोळसा आयोगाने 2019 च्या सुरुवातीला 2038 पर्यंतची मुदत सुचवली आणि कोळशाच्या भागांसाठी 40 अब्ज युरोंची शिफारस केली. नुसत्या मॉडेलला विचारलं असतं, तर त्याने बंद करण्याचं साल याहून बरंच आधीचं दिलं असतं. ही रक्कम आणि ही मुदत दोन्ही वाटाघाटीतून आली आहेत, आणि सिनॅरिओत ती तशीच, वाटाघाट म्हणून लिहायला हवीत.

ग्रोनिंगनचा पुढचा भागही सांगते, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गॅस काढल्याने जमीन हादरायला लागली. 2012 च्या ऑगस्टमध्ये हाउझिंगे गावाजवळ 3.6 तीव्रतेचा भूकंप झाला. पुढच्याच वर्षी गॅसचा उपसा कमी होण्याऐवजी वाढला. घरांना भेगा पडलेल्या लोकांचा सरकारवरचा विश्वास जो उडाला, तो परत आला नाही. 2022 मध्ये युरोपात गॅसच्या किमती आकाशाला भिडल्या, तरी तो साठा मोठ्या प्रमाणावर पुन्हा उघडला गेला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये उपसा थांबला आणि 2024 मध्ये तो कायद्याने कायमचा बंद झाला. जमिनीत गॅस शिल्लक, भाव चढे, पाइपलाइन तयार, आणि तरी नाही. खर्चाच्या गणिताला हे कधीच सापडलं नसतं. ते सापडायला दहा वर्षांमागचा अन्याय आठवणीत ठेवणारं मॉडेल लागतं, आणि ती आठवण गोष्टीतूनच येते.

मग हे प्रत्यक्षात करायचं कसं? आधी घटक निवडा, आणि प्रत्येक घटकाला दोन-तीन संभाव्य अवस्था द्या. पाच घटक, तीन-तीन अवस्था म्हणजे 243 जोडण्या. दहा घटक घेतले तर 59,049. यातल्या बहुतेक जोडण्या आतून विसंगत असतात. त्या गाळायला मी परस्पर-परिणाम संतुलनाची पद्धत वापरते. श्टुटगार्टच्या वोल्फगांग वाइमर-येले यांनी ती 2006 मध्ये मांडली. प्रत्येक अवस्था दुसऱ्या घटकाच्या अवस्थेला किती ढकलते, याला उणे 3 ते अधिक 3 असे गुण द्यायचे आणि बेरीज करायची.

छोटं उदाहरण घ्या. समजा तुमची आवडती गोष्ट अशी आहे: विजेचे दर वेगाने चढतात, प्रकल्पांची मालकी मोठ्या कंपन्यांकडे, परवानग्या वरून झटपट दिल्या जातात, कोळशाच्या भागाला चांगली भरपाई मिळते, आणि सरकारवरचा विश्वास उच्च राहतो. आता 'विश्वास उच्च' या अवस्थेला बाकीचे काय करतात ते पाहा. चढे दर उणे 2, कंपन्यांची मालकी उणे 1, वरून लादलेल्या परवानग्या उणे 1, भरपाई अधिक 2. बेरीज उणे 2. 'विश्वास कमी' या अवस्थेला हेच घटक अधिक 2 देतात. म्हणजे तुमची गोष्ट स्वतःलाच खोटी ठरवते आहे. यातला विश्वास फार काळ टिकणार नाही. आता दरांच्या जागी 'दर स्थिर, खर्च तिजोरीतून' घ्या, त्याचे गुण 0. मालकीत स्थानिक लोकांचा वाटा घ्या, अधिक 1. बेरीज अधिक 2 होते आणि चित्र उभं राहतं. पण तिजोरीतून खर्च म्हणजे कर किंवा कर्ज, तेव्हा तो घटक आता यादीत घ्यावाच लागतो. या पद्धतीचं मला मोल वाटतं ते एवढ्याचसाठी. गुण म्हणजे माणसांचे अंदाजच असतात, त्यांत विज्ञानाची अचूकता शोधू नका. मात्र कोणता अंदाज कुठे वापरला ते प्रत्येकाला दिसतं आणि त्यावर भांडता येतं.

दोन अनिश्चित गोष्टींचे दोन अक्ष काढून चार चौकोन, म्हणजे चार सिनॅरिओ, करण्याची पद्धत लोकप्रिय आहे आणि ती पटकन होते. पण ऊर्जेच्या राजकारणात मला ती तोकडी वाटते. त्यापेक्षा निर्णयाची सूत्रं कुणाच्या हातात आहेत असा त्रिकोण घ्या: सरकार, बाजार, आणि संघटित नागरिक. 1973 च्या तेलसंकटानंतर काय झालं ते या त्रिकोणातून पाहा. धक्का सगळ्यांना एकच बसला. फ्रान्समध्ये केंद्रीय सरकार, एक सरकारी वीज कंपनी, अडवायला जागा कमी. 1974 मध्ये अणुऊर्जेचा प्रचंड कार्यक्रम जाहीर झाला आणि तो बहुतांशी उभाही राहिला. पश्चिम जर्मनीत 1975 ला व्हील इथल्या नियोजित अणुकेंद्राची जागा लोकांनी ताब्यात घेतली आणि ते केंद्र कधीच झालं नाही. डेन्मार्क आपल्या ऊर्जेच्या सुमारे 90 टक्के गरजेसाठी तेलावर अवलंबून होता. तिथे शेतीची अवजारं बनवणाऱ्यांनी पवनचक्क्या बनवल्या, शेजाऱ्यांनी सहकारी तत्त्वावर त्या विकत घेतल्या, आणि 1985 मध्ये संसदेने अणुऊर्जा आराखड्यातून काढून टाकली. ऑस्ट्रियात तर झ्वेन्टेनडॉर्फचं अणुकेंद्र पूर्ण बांधून तयार होतं. 5 नोव्हेंबर 1978 च्या सार्वमतात 50.47 टक्के लोक विरोधात गेले आणि ते कधीच सुरू झालं नाही. चॅन्सेलर ब्रुनो क्रायस्की यांनी आपली प्रतिष्ठा त्या मतदानाशी जोडली होती, त्यामुळे काहींनी अणुऊर्जेपेक्षा त्यांच्याविरुद्ध मत दिलं असं मानलं जातं. इतक्या बारीक फरकाने कल बदलतो, तिथे दोन्ही वाटा सिनॅरिओत हव्यात.

गोष्ट आणि मॉडेल एकमेकांत गुंफताना फाट्यांवर, म्हणजे वाट दोनपैकी कुठल्याही दिशेला वळू शकते अशा जागांवर, भर द्या. मॉडेलला तीस वर्षांचं सगळं आधीच माहीत आहे असं धरून ते चालवलं, तर राजकारणाला शिरायला जागाच राहत नाही. ते पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत चालवा. प्रत्येक टप्प्याअखेरीस थांबून पाहा: सगळ्यात गरीब पाचव्या हिश्शातल्या घरांच्या उत्पन्नातला किती भाग ऊर्जेवर जातो? एकाच भागातले किती रोजगार गेले? एकाच जिल्ह्यावर किती प्रकल्प लादले गेले? अनुदानाचा बोजा किती? देशाची सरासरी इथे दिशाभूल करते. इंग्लंडमध्ये सरकारच्या स्वतःच्या पाहण्यांत बहुसंख्य लोक जमिनीवरच्या पवनचक्क्यांच्या बाजूने होते, तरी 2015 ते 2024 या काळात नियोजनाच्या नियमांनी त्या जवळजवळ थांबवल्या. ज्यांचं नुकसान होतं ते एका जागी असतात आणि संघटित होतात; ज्यांचा फायदा होतो ते विखुरलेले असतात. म्हणून आकडे भागवार काढा. एखादा आकडा ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तिथे फाटा फोडा: एका वाटेने सरकार मागे हटतं, दुसऱ्या वाटेने भरपाई देऊन पुढे जातं. ही मर्यादा नेमकी किती, हे कुठल्याही सूत्रातून येत नाही. तीन वेगवेगळ्या मर्यादा लावून पाहा आणि निकाल किती बदलतो ते छापा.

एक चाचणी मी नेहमी करायला सांगते. तुमचे घटक आणि नियम घेऊन 1990 मध्ये जा आणि 2020 पर्यंत चालवा. जपानमधल्या फुकुशिमा अणुअपघाताची तारीख त्यातून येणार नाही, यायची गरजही नाही. पण 'मोठा अपघात' हा धक्का दिल्यावर तुमच्या चौकटीत जर्मनी आणि फ्रान्स वेगळे वागतात का? 2011 मध्ये जर्मनीने आठ अणुभट्ट्या तातडीने बंद केल्या आणि शेवटच्या तीन एप्रिल 2023 मध्ये बंद झाल्या, कारण व्हीलपासूनची चळवळ, तिच्यातून वाढलेला राजकीय पक्ष आणि 2000 सालचा अणुऊर्जा सोडण्याचा करार आधीपासून तिथे होते. तुमच्या चौकटीत दोन्ही देश सारखेच वागत असतील, तर एखादा मोलाचा घटक सुटला आहे.

आपल्या मतांचं काय करायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मतं बाजूला ठेवता येतात यावर माझा विश्वास नाही, पण त्यांना मोकळं रान मिळू नये याची सोय करता येते. जो सिनॅरिओ तुम्हाला सगळ्यात नकोसा आहे, तो सगळ्यात जास्त वेळ देऊन लिहा. मग त्यात ज्यांचा विजय होतो अशा कुणाला, म्हणजे कोळसा कामगार संघटनेतल्या, वीज कंपनीतल्या किंवा वाहिनीला विरोध करणाऱ्या गावातल्या माणसाला तो वाचायला द्या. 'हो, आम्ही असाच विचार करतो' असं त्यांनी म्हटलं, तर सिनॅरिओ जमला. 'तुम्ही आम्हाला मूर्ख दाखवलंय' असं म्हटलं, तर परत लिहा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शेल कंपनीत पिएर वाक यांच्या गटाने हेच केलं होतं. तेल विकणाऱ्या देशांच्या जागी बसून त्यांनी विचार केला की ज्यांना आणखी पैसा खपवताच येत नाही, ते जास्त तेल कशाला उपसतील? 1973 च्या धक्क्यासाठी ती कंपनी इतरांपेक्षा जास्त तयार होती, ती याच सवयीमुळे.

सिनॅरिओ चार करा. तीन केले की वाचणारा मधला उचलतो आणि बाकीचे दोन शोभेचे उरतात. सहाच्या पुढे गेलं की कुणाच्या लक्षात राहत नाहीत. चारपैकी किमान एकात संक्रमण वेगाने सुरू होऊन मध्येच मागे फिरलेलं असू दे. ऑस्ट्रेलियाने कार्बनची किंमत जुलै 2012 मध्ये लावली आणि जुलै 2014 मध्ये काढून टाकली, पण छतांवरची पॅनेल त्यानंतरही वाढतच राहिली. मागे फिरणं म्हणजे सगळं शून्यावर येणं नव्हे. काय उलटतं आणि काय उरतं हे दाखवणारा सिनॅरिओ धोरण आखणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडतो, आणि नेमका तोच फारसा कुणी लिहीत नाही.

सुरुवात मात्र लहान ठेवा. पहिल्या फेरीत नव्या गोष्टी लिहूच नका. मॉडेलची सध्याची गृहीतकं एका तक्त्यात काढा आणि प्रत्येकासमोर लिहा की हे खरं ठरायला कुणी काय करावं लागेल, कुणी काय सोसावं लागेल, आणि ते नाही म्हणाले तर ते कुठे अडवू शकतात. तुमच्या परीक्षकांच्या शेऱ्याला अर्धं उत्तर त्या तक्त्यातच मिळेल. तुमचं मॉडेल सगळी वर्षं एकत्र सोडवतं की टप्प्याटप्प्याने, हे तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. तेवढं कळवलंत, तर फाटे नेमके कुठल्या ठिकाणी जोडायचे ते पुढच्या उत्तरात लिहिते.